ताटातलं पाणी

"हात लावू नकोस."

कुंदाताई माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. लग्न होऊन मी चारकोपच्या त्या बिल्डिंगमध्ये नुकतीच आले होते. चौथ्या मजल्यावर आमच्या समोरचं दार त्यांचं. सासूबाईंनी हळदीकुंकवाचं बोलावणं करायला पाठवलं, तर दार सताड उघडं आणि खिडकीतल्या लोखंडी मांडणीवर बोटभर उंचीच्या कुंड्यांमधून काहीतरी चमकत होतं. हिरव्या काचेचे खडे ओळीनं मांडून ठेवावेत तसं. मी नकळत बोट पुढे केलं आणि आतल्या खोलीतून तो आवाज आला. ओरडणं नव्हतं, राग नव्हता. स्वच्छ, सपाट आवाज. मी बोट मागे घेतलं. त्या बाहेर आल्या, चष्म्याच्या जाड काचांतून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तू वर्षा ना? बस. चहा घेतेस?"

कुंदा परब जन्मभर टेलिफोन ऑपरेटर होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण कानावरचा तो हेडफोन जणू त्यांनी कधी काढलाच नव्हता. बोलता बोलता मान जराशी डावीकडे कलायची आणि समोरचा माणूस सोडून त्या भलतंच काही ऐकू लागायच्या. "खालच्या पंपाचं बेअरिंग गेलंय," म्हणायच्या. तो पंप चारआठ दिवसांनी बंद पडायचा. बिल्डिंगमध्ये यावरून त्यांची थट्टा होई. एकदा गॅसचा वास येतोय म्हणून त्यांनी अख्खी बिल्डिंग खाली उतरवली होती. नंतर कळलं, पहिल्या मजल्यावर कपाटाला पॉलिश चाललं होतं. तेव्हापासून मुलं त्यांना बघून नाक हुंगायची. कुंदाताई मुलांकडे बघायच्याही नाहीत.

त्यांची रोपं म्हणजे सगळी सक्युलंट, जाड पानांत पाणी साठवून जगणारी. त्यातही जी पटकन वाढतात, पसरतात, फुलं देतात ती नाहीत. हॅवर्थिया, गॅस्टेरिया, लिथॉप्स. वर्षभरात दोन पानं आली तरी खूप झालं, अशी. हॅवर्थियाच्या पानांची टोकं पारदर्शक असतात, उन्हात धरली की आतपर्यंत उजेड जातो. मला जे खडे वाटले होते ते हेच. आणि लिथॉप्स म्हणजे निव्वळ गोटे. करडे, तपकिरी, मधोमध चीर पडलेले. आमच्या सासूबाई म्हणायच्या, "कुंदा दगडांना पाणी घालते." मुंबईच्या दमट हवेत ते गोटे जगवणं महाकठीण, मरत असतच. मेला की त्या चिमट्यानं उचलून कागदावर ठेवायच्या, भिंगाखाली धरून बघायच्या, कशानं गेला ते कळेपर्यंत. मग टाकून द्यायच्या. हळहळ वगैरे काही नाही.

रोप कोणाला देत नसत. एकदा मुलुंडहून एक बाई मुद्दाम रिक्षा करून आल्या. त्यांचाही हाच नाद. एका पांढऱ्या पट्ट्यांच्या हॅवर्थियाची बाजूची छोटी फूट मिळावी म्हणून त्यांनी परोपरीनं विनवलं. कुंदाताईंनी त्यांना पोहे दिले, सगळं दाखवलं, रोप दिलं नाही. बाई हिरमुसून गेल्यावर मी म्हटलं, "एक फूट दिली असती तर काय झालं असतं?"

"अजून तिला स्वतःची मुळं नाहीत. आत्ता काढली तर दोन्ही जातील."

"मग तसं सांगायचं ना त्यांना."

"तिला माहीत होतं. तरी मागत होती. असल्या माणसाच्या हातात देऊ?"

त्यांची माती म्हणजे माती नव्हतीच. विटेचा चुरा, जाड रेती, कोळशाची खडी, त्यात चमचाभर पालापाचोळ्याचं खत. रेती त्या भाताच्या चाळणीत धरून नळाखाली धुवायच्या, पाणी नितळ येईपर्यंत. नवं रोप करायचं तर जुन्या रोपाचं एक पान धरून हलकेच डावीउजवीकडे डुलवत मुळापासून सोडवायचं. बुडखा अर्धवट तुटला तर ते पान वाया. सुटलेलं पान लगेच लावायचं नाही. सावलीत उघडं ठेवायचं, जखमेवर खपली धरेपर्यंत. मग रेतीवर नुसतं टेकवायचं आणि विसरायचं. विसरायचं असं त्या म्हणायच्या, प्रत्यक्षात रोज सकाळी भिंग घेऊन उभ्या असायच्या. महिन्यांनी केसासारखं मूळ यायचं, आणखी काही महिन्यांनी मोहरीएवढा हिरवा ठिपका. तो ठिपका वाढतो तसं मूळचं पान सुकत सुकत कागद होऊन जातं.

"तुम्हाला कंटाळा येत नाही?" मी विचारलं होतं.

"घाई असेल त्यानं मनीप्लांट लावावं," त्या म्हणाल्या.

त्या एकदा यजमानांबरोबर दिराच्या दिवसकार्याला कणकवलीला गेल्या. किल्ली आमच्याकडे. "काही करू नका," एवढंच सांगून गेल्या. आमच्या सासूबाईंचा जीव राहीना. मुकी रोपं उपाशी ठेवायची म्हणजे काय! त्यांनी रोज मायेनं पाणी घातलं. कुंदाताई परत आल्या तेव्हा रोपं उलट अधिकच टवटवीत दिसत होती. पानं टच्च फुगलेली. सासूबाई कौतुकाच्या अपेक्षेनं दारात उभ्या. कुंदाताईंनी एक कुंडी उचलली, दोन बोटांत रोप दाबलं, खाली ठेवलं. मग ब्लेड घेऊन जमिनीवर बसल्या. एकेक रोप उपसून बुंध्यापाशी आडवं कापू लागल्या. वरून हिरवंगार आणि आत तपकिरी, ओलं, सडक्या बटाट्यासारखं. "कूज अजून वर आहे," असं पुटपुटत त्या काप काप वर सरकत, पांढरा भाग लागेपर्यंत. बहुतेक रोपांत तो लागलाच नाही.

सासूबाई रडू लागल्या. कुंदाताईंनी उठून चहा टाकला, त्यांच्या हातात कप दिला आणि म्हणाल्या, "तहानेनं मरत नाहीत हो ही. पाण्यानं मरतात. आणि मरताना छान दिसतात."

किल्ली मात्र आमच्याकडे पुन्हा आली नाही.

वसंतराव म्हणजे त्यांचे यजमान. अंधेरीच्या एका कारखान्यात फोरमन होते, उंचेपुरे, गप्पिष्ट. जिन्यात भेटले की माझी पिशवी हातातून काढून घ्यायचे. एका पावसाळ्यात कुंदाताई मला म्हणाल्या, "ह्यांची उजवी चप्पल वाजते बघ." मी ऐकलं, मला काही कळलं नाही. त्यांनी डॉक्टरकडे नेलं. वय झालं, चालणारच, असं डॉक्टर म्हणाले. कुंदाताई रोज त्या चपलेचा आवाज ऐकत राहिल्या. गणपतीच्या आधी वसंतराव मोरीत पडले. उजवी बाजू पूर्ण गेली, वाचाही गेली. एक शब्द तेवढा उरला, "बरं." भूक लागली तरी बरं, दुखलं तरी बरं. कुंदाताईंना प्रत्येक बरं वेगळं ऐकू यायचं. त्यांनी पलंग खिडकीशी घेतला. वसंतराव दिवसभर त्या गोट्यांकडे बघत पडून असत. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नव्हती. इस्पितळातून ते एकदा वर आले ते वरचेच झाले.

त्या दिवसांत एकदा त्या सहज म्हणाल्यासारखं म्हणाल्या, "आग लागली, काही झालं, तर मी ह्यांना खाली नेऊ शकत नाही. रोज विचार करते. नाहीच नेऊ शकत."

"असं बोलू नये, कुंदा," सासूबाई म्हणाल्या. "वास्तुपुरुष तथास्तु म्हणत असतो."

दिवाळी झाली आणि तळमजल्यावर ठोकाठोक सुरू झाली. तिथली जिन्याला लागून असलेली दोन घरं एका नव्या मालकानं घेतली होती. त्याला तिथे कोचिंग क्लास काढायचा होता. मधल्या भिंती पाडून मोठा हॉल होणार होता. दिवसभर घण पडायचे. आमच्या चौथ्या मजल्यावर कपबशा किणकिणायच्या. लोक वैतागले, मग सरावले. मुलांना घराखालीच क्लास होणार म्हणून काहींना आनंदच होता.

एका सकाळी कुंदाताईंनी मला हाक मारली. स्वयंपाकघरात ओट्यावर एक जुनं स्टीलचं ताट होतं. छोट्या कुंड्यांना त्या वरून कधी पाणी घालत नसत. ताटात उथळ पाणी घ्यायचं, कुंड्या त्यात उभ्या करायच्या, बुडातून हवं तेवढं पाणी त्या ओढून घेतात, मग उचलायच्या. वर्षानुवर्षं तेच ताट, ओट्यावर तीच जागा.

"उरलेलं पाणी बघ," त्या म्हणाल्या.

पाणी ताटाच्या एका कडेला गोळा झालं होतं. दुसरी कड कोरडी.

"ताट वाकलं असेल."

त्यांनी ताट अर्धं फिरवलं. पाणी हळूच सरकून पुन्हा त्याच बाजूला गेलं. जिन्याच्या बाजूला.

"आधी मधोमध राहायचं," कुंदाताई म्हणाल्या. "मागच्या महिन्यापासून सरकतंय. मी तीन ताटं बदलून पाहिली."

मला हसू आलं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून ते ओठावरच राहिलं. त्यांनी मला जिन्यात नेलं. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधल्या वळणावर, कॉलम आणि भिंत मिळतात तिथे, केसाएवढी चीर होती. असल्या चिरा कुठल्या बिल्डिंगमध्ये नसतात? कुंदाताईंनी खिशातून, म्हणजे गाऊनच्या खिशातून, काचेची एक पातळ पट्टी काढली. दोन्ही टोकांना प्लास्टर लावून ती चिरेवर आडवी चिकटवली.

"भिंत हलली नाही तर काच राहील," त्या म्हणाल्या. "हलली तर फुटेल. एवढंच."

मग त्या सेक्रेटरी गावड्यांकडे गेल्या.

गावडे दुसऱ्या मजल्यावर राहायचे. मालवणचे, ठेंगणे, अंगानं भरलेले. बिल्डिंगचं कुठलंही काम असो, माणूस सगळ्यात पुढे. कुणाकडे मयत झालं की सामान आणायला गावडे, गणपतीत मांडव घालायला गावडे. वाईट माणूस असता तर ही गोष्ट सांगणं सोपं झालं असतं.

त्यांनी इंजिनिअर आणला. इंजिनिअर चांगला होता. त्यानं हातोडीनं ठोकून पाहिलं, एके ठिकाणी पोपडा काढला तर आतली सळई गंजून फुगलेली. तळमजल्यावर जाऊन तो बराच वेळ वर बघत राहिला. "काम थांबवा, इथे लगेच टेकू लावा आणि हा भाग रिकामा करायचा विचार करा," असं स्पष्ट सांगून गेला. क्लासच्या मालकानं लोखंडी टेकू आणून लावले. ते बघून सगळ्यांना हायसं वाटलं. रिकामं करायची गोष्ट मात्र बैठकीत आली तेव्हा गच्चीवर आवाज चढले. कुणाच्या मुलीची दहावी, कुणाचं बाळंतपण.

कुंदाताई उभ्या राहिल्या. "टेकूनं वेळ मिळतो, बाकी काही नाही. बिल्डिंग रिकामी करा."

"ताई, वास कसला येतोय आज?" मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले.

गावडे हसले नाहीत. ते म्हणाले, "ताई, तुमका समजत नाय असा नाय. पण ऐका. माझे वडील गिरणीत होते. गिरणी गेली, मग चाळ धोक्याची आहे म्हणून सांगितलं, तात्पुरते बाहेर व्हा. आम्ही झालो. त्या तात्पुरत्या खोलीतच वडील वारले. आईपण वारली. चाळ पाडली, तिथे काय उभं राहिलं ते आम्ही रस्त्यावरून बघतो. घर सोडलां की घर गेलां, ताई. ह्या वेळी मी नाय सोडणार. रिपेअर करू, उभ्या उभ्या करू, पण कुलूप लावून कुणी जायचं नाय."

यावर कुंदाताई खाली बसल्या. माणसाला इतकं खरं बोलताना मी क्वचितच ऐकलंय, आणि ते इतक्या चुकीच्या वेळी.

काच होळीच्या आसपास फुटली. मधोमध, सरळ. गावडे म्हणाले, पोरांचा बॉल लागला असेल. कुंदाताईंनी वाद घातला नाही. दुसरी पट्टी त्यांनी स्वतःच्या स्वयंपाकघरात, ओट्यामागच्या चिरेवर लावली. तिथे कुठली पोरं येणार? ती काही दिवसांतच तडकली. त्यांनी मला बोलावून दाखवली. आत पलंगावरून वसंतराव म्हणाले, "बरं." कुंदाताईंची मान जराशी कलली.

"ह्यांनासुद्धा ऐकू येतं," त्या म्हणाल्या. "दुपारी सगळं शांत असलं की भिंतीतून येतं. दात खाल्ल्यासारखं."

मी भिंतीला कान लावला. मला काहीच ऐकू आलं नाही. ते काहीच न ऐकू येणं मात्र मला घरी परत आल्यावरही जाईना. त्या दिवसापासून जिना चढताना मी कठड्याला हात लावायचं सोडलं. आमच्या ह्यांना मी दोनदा म्हटलं, काही दिवस मुलुंडला आईकडे जाऊ. ते म्हणाले, बघू.

कुंदाताईंनी बघितलं नाही. पलीकडच्या सेक्टरमध्ये बैठ्या घरातली एक खोली त्यांनी भाड्यानं घेतली आणि शनिवारी दुपारी गावड्यांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. "मला ह्यांना खाली न्यायचंय. चार माणसं द्या."

बिल्डिंगमध्ये कुजबुज झाली, परबबाई पळाल्या. पण गावडे स्वतः आले. वसंतरावांना खुर्चीत बसवून जुन्या साडीनं बांधलं आणि चौघांनी खुर्ची उचलली. मागे कुंदाताई, त्यांच्या मागे औषधांची पिशवी घेऊन मी. घामाच्या धारा लागल्या होत्या. प्रत्येक पायरीला वसंतराव "बरं, बरं" म्हणत होते. दुसऱ्या मजल्यावर दम घ्यायला खुर्ची टेकवली. गावडेवहिनी पाणी घेऊन दारात आल्या. त्यांनी मागे दार ओढलं, ते अडकलं. खांद्यानं ढकललं तरी चौकटीत बसेना.

"ह्या मेल्या दाराचा काय करायचा!" त्या म्हणाल्या. "परत लागत नाय."

कुंदाताईंनी त्या दाराकडे पाहिलं. वरच्या कडेला लाकूड ताजं पांढरं दिसत होतं.

"गावडे," त्या म्हणाल्या, "रंधा कितीदा मारलात?"

गावडे हातातला तांब्या घेऊन उभे राहिले. "दोनदा," त्यांनी सांगितलं. मग, "आता तिसऱ्यांदा मारूक व्हयो."

चौकट तिरकी होत होती आणि ते दार तासत होते. त्यांना कळलं होतं, खूप आधीच कळलं असणार. त्यांचा चेहरा त्या क्षणी मी पाहिला, तो पाहायला नको होता.

वसंतरावांना पोचवून आल्यावर गावडे थेट तळमजल्यावर गेले. हॉलमध्ये नवे बाक आले होते. बाक नीट लागावेत म्हणून मधले टेकू काढून भिंतीशी रचून ठेवले होते. गावड्यांनी मालकाला फोनवर ज्या शिव्या घातल्या त्या सगळ्या बिल्डिंगनं ऐकल्या. मग ते दारोदार फिरले. कालपर्यंत जो माणूस कुणी जायचं नाही म्हणत होता तोच म्हणू लागला, निघा, आत्ता निघा. अर्धे लोक संध्याकाळपर्यंत नातेवाइकांकडे गेले. आम्हीही मुलुंडला गेलो. बाकीचे म्हणाले, सोमवारी बघू, सुट्टीचा दिवस तरी घरात काढू.

रविवारी सकाळी मी नवऱ्याबरोबर राहिलेलं सामान न्यायला आले. गेटपाशी कुंदाताई भेटल्या. हातात पुठ्ठ्याचे खोके, जुनी वर्तमानपत्रं. रोपं न्यायला आल्या होत्या. आम्ही दोघी बोलत जिन्यापाशी गेलो. त्यांनी पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं आणि त्या थांबल्या. मान कलली.

"ऐकलंस?"

मला दूरवर कुठल्यातरी रेडिओचा आवाज येत होता, इतकंच.

कुंदाताईंच्या हातातले खोके खाली पडले. आणि मग त्या ओरडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना ओरडताना त्या एकाच सकाळी ऐकलं. "गावडेऽऽ! सगळ्यांना काढा! आत्ता! आत्ता!" वरून गावड्यांचा ओ आला. दारं वाजू लागली. माणसं खाली येऊ लागली, कुणाच्या तोंडाला दाढीचा साबण, कुणाच्या कडेवर पोर. नवऱ्यानं मला दंडाला धरून गेटबाहेर ओढलं. कुंदाताई जिन्याच्या तोंडाशीच उभ्या होत्या, येणाऱ्या प्रत्येकाला पाठीवर हात ठेवून पुढे ढकलत. गावडेवहिनी आल्या. पाठोपाठ तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहणारी नर्स पोरगी आली, रात्रपाळी करून झोपलेली, केस मोकळे, अनवाणी.

"गावडे कुठे?" कुंदाताईंनी तिला विचारलं.

"त्यांनीच उठवलं. म्हणाले तू हो पुढे, मी आमचं दार लावून येतो."

कुंदाताईंनी वर पाहिलं. "गावडे, राहू दे ते दार!" त्या ओरडल्या.

मग जिन्याकडचा अख्खा भाग खाली बसला. पडला असं मला वाटलंच नाही. थकलेलं माणूस बसतं तसा बसला. आवाज नंतर आला. त्याच्यानंतर धूळ, आणि धुळीत काही दिसेना. कुंदाताईंना कुणी कधी मागे ओढलं ते मला माहीत नाही. दिसू लागलं तेव्हा त्या रस्त्यात उभ्या होत्या, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या, आणि चष्म्याची एक काच नव्हती.

गावडे संध्याकाळी सापडले. बाकी सगळे वाचले.

त्यानंतर लोकांनी कुंदाताईंचं काय केलं ते सांगायला हवं. काहीजण पाया पडायला गेले; त्यांनी पाय आखडून घेतले. काहीजण म्हणाले, त्या बाईनं घरात राहून घराचं वाईट चिंतलं. उठता बसता पडेल पडेल म्हणायची, वास्तूनं तथास्तु म्हटलं. हे बोलणारे लोक कुंदाताईंमुळेच जिवंत होते. माझ्या सासूबाईही एकदा तसं बोलल्या, मग देवापाशी जाऊन बसल्या.

गावडेवहिनी तेराव्यानंतर कुंदाताईंच्या खोलीवर गेल्या. मी तिथेच होते. वसंतरावांच्या पलंगाकडे बघत त्या म्हणाल्या, "ताई, शेवटी ह्यांनी तुमचा ऐकल्यानी. फक्त ता दार..."

"हो," कुंदाताई म्हणाल्या.

"लागला असात काय ओ दार?"

कुंदाताईंनी त्यांचा हात धरला. "लागलं असेल," त्या म्हणाल्या. खोटं बोलताना मी त्यांना तेव्हाच पाहिलं.

त्यांचं एकही रोप वाचलं नव्हतं. खोलीला उत्तरेची एकच खिडकी, ऊन नावाला. पुढे केव्हातरी गेले तेव्हा खिडकीत पसरट बशीत रेती आणि रेतीवर चार पानं टेकवलेली दिसली. मुलुंडच्या त्या बाईंनी बातमी वाचून पाठवली होती, न विचारता. मी म्हटलं, "लागतील ना?" कुंदाताई म्हणाल्या, "इथे उजेड कमी. बघू." मग वसंतरावांची कूस बदलायला उठल्या.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते यंदा, आमच्या जुन्या जागेपाशी. आता तिथे निळ्या पत्र्याचं कुंपण आहे आणि आत उंच टॉवर होणार आहे. तो झाला की आम्हा सगळ्यांना त्यात घरं मिळायची आहेत. दोन पत्र्यांच्या फटीतून कुंदाताई आत बघत होत्या. मी शेजारी जाऊन उभी राहिले. आत मोठा खड्डा खणला होता. तळाशी काळपट पाणी साचलं होतं, पंप लावून उपसत होते, आणि पंप थांबला की पाणी पुन्हा वर येत होतं.

"काका कसे आहेत?" मी विचारलं.

"आहेत." त्या फटीतून नजर न काढता म्हणाल्या, "तुला कितवा मजला?"

"अठरावा. तुम्हाला?"

"मी तळमजला मागितला. ह्यांच्यासाठी. तर म्हणाले, तळमजल्यावर घरंच नाहीत. खाली गाड्या. सगळ्यात खालचं घर सातव्यावर."

"लिफ्ट असेल ना आता. दोन-दोन."

कुंदाताईंची मान जराशी खड्ड्याकडे कलली, मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना मला काहीतरी सांगायचं होतं असं मला वाटलं. पण माझ्या कडेवर माझी मुलगी होती, बिल्डिंग पडल्यानंतर झालेली. त्यांनी तिच्या गालाला बोट लावलं, पदर सावरला आणि बस डेपोच्या दिशेनं चालू लागल्या. आत पंप पुन्हा सुरू झाला होता.